एकवीस, बावीस की चोवीस?
इलेक्ट्रिक गिटारच्या पडद्यांचा इतिहास

गेल्या दिवाळीत नातीने इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट धरला. तिला घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने तीन गिटारी समोर ठेवल्या आणि म्हणाला, "ही एकवीस फ्रेटची, ही बावीसची आणि ही चोवीसची." नातीने माझ्याकडे पाहिले. "आजोबा, तुम्ही सतार वाजवता ना? मग सांगा, कोणती घेऊ?" मला सांगता आले नाही. त्या दिवशी आम्ही हात हलवत परत आलो.

मनाला लागण्याचे दुसरेही एक कारण होते. १९८८ साली तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मुलाने, हाच हट्ट धरला होता. तेव्हा मी त्याला एका वाक्यात गप्प केले होते : "ज्याचे पडदे ठोकून बसवलेले, त्यात मींड कुठली?" त्याने पुन्हा विषय काढला नाही. सतारही शिकला नाही. माझ्या त्या वाक्यात किती तथ्य होते, हे तपासायला मला पस्तीसहून अधिक वर्षे लागली. हा लेख म्हणजे ती तपासणी.

बांधलेले पडदे, ठोकलेले पडदे

गिटारचा फ्रेट म्हणजे आपल्या सतारीचा पडदाच. आपल्या इंदूरच्या होळकर दरबाराने बीन-सतारीचे थोर कलावंत पाहिले. बीनकार बंदे अली खाँ आणि सतार-सूरबहारचे इमदादखाँ ही नावे जुन्या घरांतून अजूनही आदराने घेतली जातात. तेव्हा सतारीचे एकोणीस-वीस पडदे दोऱ्याने दांडीला बांधलेले असतात आणि राग बदलला की ते सरकवावे लागतात, हे इथे वेगळे सांगायला नको.

मात्र युरोपातही एके काळी असेच होते, हे मला ठाऊक नव्हते. तिकडच्या ल्यूट या वाद्यावर आतड्याची तात दांडीभोवती गुंडाळून पडदे बांधत, आणि तेही सरकत. मग तिकडचे पडदे कायमचे का बसले?

उत्तर वाजवण्याच्या रीतीत आहे. सतारीवर मुख्य गाणे एका बाजाच्या तारेवर चालते. गंधाराचा पडदा थोडा सरकवला तर त्या एका तारेचा विचार पुरतो. ल्यूट आणि गिटारवर मात्र एकाच वेळी चार-सहा तारा दाबून स्वरांचा गुच्छ, म्हणजे कॉर्ड, वाजवतात. एकच पडदा साऱ्या तारांखालून जातो. एका तारेसाठी तो हलवला की उरलेल्या तारा बिघडतात. म्हणून पडद्यांची अशी जागा शोधावी लागली, जी सर्व तारांना थोडीथोडी चालेल.

ती जागा काढण्याची सोपी रीत १५८१ साली विन्चेन्झो गॅलिली या इटालियन ल्यूटवादकाने आपल्या ग्रंथात मांडली. हे गृहस्थ म्हणजे शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील. रीत अशी : तारेच्या लांबीचे अठरा भाग करा, पहिल्या भागावर पहिला पडदा बसवा, उरलेल्या लांबीचे पुन्हा अठरा भाग करा, दुसरा पडदा बसवा, असेच पुढे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवा, कारण तिथे तार सप्तकातला षड्ज असतो. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर या रीतीने तो सुमारे अडीच मिलिमीटर चुकतो. चीनमध्ये राजपुत्र झू झायू याने १५८४ साली सप्तकाच्या बारा समान भागांचे अचूक गणित मांडले. आजचे गिटार बनवणारे अठराऐवजी १७.८१७ ने भागतात, आणि बारावा पडदा मध्यावर येतो.

पुढे तात जाऊन धातूचे पडदे आले आणि ते दांडीच्या लाकडात खाचा पाडून ठोकले गेले. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९३४ साली सपाट पट्ट्यांऐवजी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची तार वापरायला सुरुवात केली. तिचे पाऊल लाकडात रुतते आणि गोल डोके वर राहते. आजच्या बहुतेक गिटारींवर हीच घडण दिसते.

विजेची गिटार आणि वाढते आकडे

गंमत अशी की, चांगली चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार पडदे दाबून वाजवायची नव्हतीच. १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशाम्प आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी अ‍ॅल्युमिनियमची एक गिटार ओतली. तिच्या आकारामुळे लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणत. ती मांडीवर ठेवून पोलादी कांब तारांवरून सरकवत वाजवायची असे. तिच्यावरचे फ्रेट म्हणजे नुसत्या खुणा. याच हवाईयन पद्धतीच्या गिटारवर पुढे ब्रिजभूषण काब्रांनी राग वाजवले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अनेक घरांत असेल.

पडदे दाबून वाजवायच्या भरीव लाकडी गिटारी १९५० नंतर आल्या. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचा धंदा केलेल्या लिओ फेंडरने टेलिकास्टर आणि मग १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर काढली. दोन्हींवर २१ पडदे. तार साडेपंचवीस इंचांची. मिशिगनमधील गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल काढली. तिच्यावर २२ पडदे आणि तार पावणेपंचवीस इंचांची. लांबीतला हा पाऊण इंच बोटांना लगेच कळतो. तेच स्वर मिळवायला आखूड तारेवर सुमारे सहा टक्के कमी ताण लागतो, म्हणून तार मऊ लागते.

आकड्याचा अर्थ साधा आहे. पहिली तार मोकळी वाजवली तर त्या स्वरापासून २४ व्या पडद्यावर बरोबर दोन सप्तके पुरी होतात. २२ पडदे असतील तर दोन अर्धस्वर कमी पडतात, २१ असतील तर तीन. १९५८ साली डॅनइलेक्ट्रो कंपनीने 'गिटारलिन' नावाची ३१ पडद्यांची गिटारही काढली होती. पण वर जाताना घरे अरुंद होतात. साडेपंचवीस इंचांच्या तारेवर पहिले घर ३६ मिलिमीटरचे, तर चोविसावे दहा मिलिमीटरहूनही कमी. तिथे बोट ठेवायलाच जागा पुरत नाही.

चोवीसचा आकडा अमेरिकेचा शोध नव्हे. दक्षिणेतल्या सरस्वती वीणेवर मेणात बसवलेले २४ स्थिर पडदे असतात. परंपरा त्याचे श्रेय तंजावरच्या रघुनाथ नायकाला देते. म्हणजे व्यंकोजीराजे तंजावरला जाण्यापूर्वीच हा हिशेब तिथे झालेला होता.

पडदे वाढले की आवाज का बदलतो?

मला सर्वांत नवी वाटलेली गोष्ट ही. पडदे वाढवले म्हणजे वरचे दोन-तीन स्वर मिळाले आणि बाकी सारे तसेच, असे मी समजत होतो. तसे नाही.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेखाली पिकअप असतो : लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. वर पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. पिकअप घोडीजवळ असेल तर आवाज कडक आणि धारदार, दांडीजवळ असेल तर भरीव आणि गोल. सतारीवर नखी घोडीकडे नेली की आवाज जसा बदलतो, तसेच हे.

स्ट्रॅटोकास्टरचा दांडीकडचा पिकअप साधारण तिथे आहे, जिथे २४ वा पडदा आला असता. तो गाजलेला गोल आवाज त्याच जागेचा. आता खरोखरच २४ पडदे बसवायचे तर पिकअपला घोडीकडे सरकावे लागते, आणि आवाज थोडा पातळ होतो. फेंडर कंपनीने १९८७ च्या सुमारास स्ट्रॅटोकास्टरवर २२ वा पडदा दिला, तेव्हा दांडीची पट्टीच थोडी पुढे काढली आणि पिकअप जागचा हलवला नाही. एका पडद्यासाठी त्यांनी आवाज सोडला नाही.

उंचीचेही असेच. १९५४ च्या लेस पॉल कस्टमवर इतके ठेंगणे पडदे होते की लोक तिला 'बिनपडद्यांचे आश्चर्य' म्हणत. अशा पडद्यांवर बोट झरझर सरकते, पण तार ओढायला पकड मिळत नाही. उंच पडद्यांवर बोट लाकडाला टेकत नाही, तार सहज ओढली जाते, पण हात जड असेल तर नुसते दाबतानाच स्वर चढतो.

मींड कुठली?

इथे माझे जुने वाक्य माझ्यावर उलटले. मींड पडदा सरकवून निघत नाही, तार ओढून निघते. सतारीचे पडदे कमानदार आणि दांडीपासून उंच असतात, म्हणून एका पडद्यावर चार-पाच स्वर ओढता येतात. गिटारवाल्यांनाही हे उमगले. रिची ब्लॅकमोरसारख्या वादकांनी दोन पडद्यांमधले लाकूड खरवडून खोलगट केले, म्हणजे बोटाखाली फक्त तार राहावी. झाकीर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती'त वाजवणाऱ्या जॉन मॅक्लॉफ्लिनने तर आपल्या गिटारची दांडी अशी खरवडून घेतलीच, शिवाय तरफेसारख्या जादा ताराही लावल्या. सतारीइतकी लांब मींड गिटारवर येत नाही, हे खरे. पण ठोकलेल्या पडद्यांवर मींड नाहीच, हे खोटे.

आणखी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून ठेवले. १९६३ साली इंग्लंडमध्ये ब्रायन मे या शाळकरी मुलाला गिटार हवी होती आणि घरी पैसे नव्हते. वडिलांनी त्याच्याबरोबर बसून ती बनवली. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, पडद्यांच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्यांची बटणे. पडदे २४. पुढे 'क्वीन'च्या गाण्यांतून ती गिटार जगाने ऐकली.

माझ्याकडे १९८८ साली पैसे होते. वेळही होता.

या मार्चमध्ये नात आणि मी पुन्हा दुकानात गेलो. तिने तिन्ही गिटारी वाजवून पाहिल्या, मी डोळे मिटून ऐकल्या. शेवटी बावीसची घेतली. "शेवटचे दोन पडदे मला लागणार नाहीत, पण तो गोल आवाज रोज लागेल," असे ती म्हणाली. निर्णय तिचा, माझे फक्त कान.

एका संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला आणि कोपऱ्यातली गिटार उचलून बसला. बराच वेळ एकच तार ओढून पाहत होता. मी सतारीची गवसणी काढली आणि त्याच्या स्वरात षड्ज मिळवून घेतला. दोघेही काही बोललो नाही.

यंदा मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात नात यमनमधली एक धून गिटारवर वाजवणार आहे. साथीला सतार आहे. जरूर यावे, आणि मींड ऐकू आली तर तिला तसे आवर्जून सांगावे.