मधल्या सुट्टीतले दोन नळ आणि इंटरनेटची वाहतूक

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एकच अट घातली : "आयुष्यभर नक्की काय काम केलंस, ते आम्हाला कळेल असं लिही." तर मित्रहो, मी संगणकांच्या जाळ्यातली वाहतूक वळवण्याचे काम केले. त्याला 'ट्रॅफिक इंजिनिअरिंग' म्हणतात. हे सांगितले की लोकांना चौकातला सिग्नल आठवतो. मला मात्र आपल्या शाळेतले दोन नळ आठवतात.

एक टाकीजवळ, दुसरा मैदानाच्या टोकाला विहिरीपाशी. मधली सुट्टी झाली की टाकीपाशी झुंबड उडायची. कुणीतरी ओरडायचे, "विहिरीकडे रांगच नाही!" की निम्मी शाळा तिकडे धावायची. आता तिथे गर्दी आणि टाकीचा नळ मोकळा. मग पुन्हा उलटी धाव. तेवढ्यात घंटा व्हायची आणि बरेच जण तहानलेलेच वर्गात जायचे.

इंटरनेटच्या पूर्वजाला, अमेरिकेतल्या अर्पानेटला, नेमका हाच आजार जडला होता. १९६९ साली चार केंद्रांपासून हे जाळे सुरू झाले. संदेशाचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, करायचे आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्राने त्यांना पुढची वाट दाखवायची, अशी योजना होती. सुरुवातीला प्रत्येक यंत्र शेजाऱ्याने सांगितलेल्या अंदाजावर विसंबून असे. १९७९ साली पद्धत बदलली. प्रत्येकाने आपल्या लिंकवर किती वेळ लागतो ते मोजायचे, ती बातमी सगळ्यांना कळवायची आणि साऱ्या जाळ्याचा नकाशा समोर ठेवून कमी वेळाची वाट काढायची. ती काढण्याची रीत डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली होती.

वर्दळ बेताची असताना हे छान चाले. वर्दळ वाढली, की अमुक लिंक तुंबल्याची बातमी सगळ्यांना मिळे, सगळे दुसऱ्या लिंककडे वळत, ती तुंबे आणि सगळे माघारी येत. १९८७ मध्ये यावर उपाय झाला. मोजलेला वेळ जसाच्या तसा न कळवता त्याची सरासरी काढायची आणि लिंकची 'किंमत' एका वेळी थोडीच बदलू द्यायची. मग सगळे एकदम पळत नाहीत, थोडेच सरकतात. आपल्या पी. टी.च्या सरांनी काढलेला नियम आठवा : "रांगेतल्या शेवटच्या दहाच जणांनी तिकडे जायचं!"

त्याच सुमारास दुसरा धडा मिळाला. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात, एकमेकांपासून चारशे यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. पॅकेट हरवले की पाठवणारे तेच पुन्हा पुन्हा पाठवत आणि कोंडी आणखी वाढवत. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय साधा होता : पॅकेट हरवले तर पाठवणाऱ्याने स्वतःच वेग कमी करावा. वाट बदलण्याइतकेच, धीर धरण्यालाही महत्त्व आहे.

पुढे कंपन्यांची मोठमोठी जाळी उभी राहिली आणि तीन मार्ग समोर आले. पहिला, एमपीएलएस. यात पॅकेटवर चिठ्ठी लावून त्याची संपूर्ण वाट आधीच ठरवता येते. वाहतुकीसाठी त्याचा वापर कसा व्हावा, हे १९९९ साली मांडले गेले. ताबा उत्तम, पण शेकडो वाटा सांभाळायच्या म्हणजे व्याप मोठा. दुसरा मार्ग फोर्ट्‌झ आणि थोरुप यांनी २००० साली दाखवला. नवी यंत्रणा नको. जुन्याच पद्धतीत प्रत्येक लिंकला दिलेला आकडा, ज्याला आम्ही 'वजन' म्हणतो, विचारपूर्वक ठरवला तरी गर्दी पुष्कळ विभागते. पण एक वजन बदलले की त्याचा परिणाम कुठवर जाईल, हे नुसत्या नजरेने दिसत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका रात्री मुख्य लिंकवरचा ताण कमी करायला मी तिचे वजन वाढवले. आलेख झरकन खाली आला आणि मी समाधानाने चहा प्यायला गेलो. ती सगळी वाहतूक एका बारीक लिंकवर गेली होती. तिच्यावर अवलंबून असलेल्या लहान गावांचे काम दीड तास ठप्प झाले. माझ्या पडद्यावर त्या गावांचा आलेखच नव्हता.

तेव्हा सरांचा प्रश्न आठवला. नव्या नियमाने रांगा शिस्तीत लागल्या म्हणून आम्ही मॉनिटर खूश होतो. सरांनी विचारले, "पाचवीतल्या किती जणांना पाणी मिळालं?" आम्ही मोजलेच नव्हते. मोठी मुले त्यांना मागे सारत होती. दुसऱ्या दिवसापासून पाचवीला पाच मिनिटे आधी सोडायला लागले.

तिसरा मार्ग मला म्हणूनच भावतो. गूगलने २०१३ मध्ये आपल्या डेटा केंद्रांना जोडणाऱ्या 'बी-फोर' जाळ्याची माहिती प्रसिद्ध केली. तिथे सगळी वर्दळ एकत्र पाहणारी मध्यवर्ती यंत्रणा वाटा ठरवते. अनेक लिंक जवळजवळ शंभर टक्के भरून चालतात. हे जमते, कारण कुणी थांबायचे ते आधीच ठरलेले असते : लोकांच्या माहितीच्या प्रती आधी, केंद्रांमधली अवजड देवाणघेवाण नंतर. मात्र हे एका मालकाच्या जाळ्यातच शक्य आहे. साऱ्या इंटरनेटला मुख्याध्यापक नाही. तिथे प्रत्येक कंपनी आपापल्या करारांप्रमाणे वाट निवडते.

कोणती पद्धत श्रेष्ठ, असे तरुण सहकारी विचारत. मी म्हणत असे, नळ दोनच असतील तर कुठलीही पद्धत कुणाला तरी थांबवणारच. कोण थांबले, हे जी मोजते ती चांगली.

ही मोजणी शिकवणाऱ्या सरांना आणि टाकीपाशी मला ढकलणाऱ्या समस्त वर्गमित्रांना नमस्कार. मेळाव्यात भेटूच. पाण्याच्या रांगेत या वेळी पाचवीची मुले पुढे!