पेस्टला ‘पी’ का नाही?

लिंबागणेशच्या (जि. बीड) एका शाळेत गेलो होतो. संगणकाच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता: कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, कंट्रोल-एक्स म्हणजे कट, कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, कंट्रोल-झेड म्हणजे केलेले रद्द. सातवीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, कॉपीला सी, मग पेस्टला पी का नाही?’’

‘‘पी प्रिंटला दिलाय,’’ मी म्हणालो.

‘‘मग व्हीच का?’’

इथे माझे उत्तर संपले. वीस वर्षे रोज दाबत आलेल्या कळीबद्दल मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. घरी आल्यावर शोध घेतला, तो असा.

आधी ‘कंट्रोल’ ही कळ पाहू. ती बरीच जुनी आहे. टेलिप्रिंटर यंत्रांना अक्षरांबरोबरच ‘नवी ओळ घे’, ‘घंटा वाजव’ अशा आज्ञाही त्याच तारेवरून पाठवाव्या लागत. १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ संकेतात अक्षरांना आणि अशा आज्ञांनाही क्रमांक मिळाले. कंट्रोल धरून अक्षर दाबले, की मोठ्या अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होत. ‘जी’चा क्रमांक ७१. म्हणून कंट्रोल-जी म्हणजे ७, आणि ७ म्हणजे घंटा! वर्गात हे गणित करून पाहण्यासारखे आहे.

आता कट आणि पेस्ट. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर (१९४५–२०२०) काम करत होते. तेथे लेखनासाठी ‘ब्राव्हो’ नावाचा प्रोग्रॅम होता. त्यात एकच कळ कधी अक्षर उमटवी, तर कधी आज्ञा देई. आज्ञा घेण्याच्या स्थितीत कुणी चुकून इंग्रजीत ‘एडिट’ हा शब्द टाइप केला तर काय होई? ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवा मजकूर घालण्याची तयारी होई आणि शेवटी पडद्यावर उरे एकटा ‘टी’. टेस्लर यांचे म्हणणे साधे होते: नुसती कळ दाबली की अक्षरच उमटले पाहिजे. वापरणाऱ्याने यंत्राची मनःस्थिती ओळखत बसू नये.

त्यांनी आणि टिम मॉट यांनी मग ‘जिप्सी’ हा प्रोग्रॅम तयार केला. तो कुणासाठी होता? गिन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी. संपादक मंडळी तेव्हा कागद कात्रीने कापून डिंकाने दुसरीकडे चिकटवत. तेच काम पडद्यावर आले आणि ‘कट’ व ‘पेस्ट’ ही नावे रूढ झाली.

पुढे टेस्लर ॲपल कंपनीत गेले. १९८३ साली आलेल्या ‘लिसा’ संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळींना ही कामे मिळाली. उजवा हात माउसवर असताना डाव्या हाताला त्या सहज सापडतात. एक्स म्हणजे आपली फुली. नको ते खोडण्याची. सी म्हणजे कॉपी. आणि व्ही? राहिलेला शब्द ओळीत घालताना आपण काकपद काढतो ना, तेच उलटे केले की व्ही! मुलांच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना ही खूण वेगळी सांगायला नको. १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्ये हीच अक्षरे कंट्रोलच्या जोडीने आली आणि घरोघर पोचली.

सोय म्हणजे नेहमी जवळच्या कळी, असेही नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी डेव्हिड ब्रॅडली यांनी संगणक पुन्हा सुरू करण्याची कळजोडी योजली. पहिली जोडी डाव्या हाताने चुकून दाबली जाण्याची भीती होती. म्हणून त्यांनी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही दोन हात लागणारी जोडी निवडली. इथे अवघडपणा हीच सोय!

आपल्या भाषांसाठी १९८६ साली ठरलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकामागेही असाच विचार आहे. स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे. ‘क’ची कळ शिफ्ट धरून दाबली की ‘ख’, ‘त’ची दाबली की ‘थ’. म्हणजे वर्णमाला येणाऱ्या मुलाला निम्मा कळफलक आधीच येतो. या कळफलकावर सीच्या जागी ‘म’ आहे आणि व्हीच्या जागी ‘न’. विंडोजमध्ये मराठी लिहिताना कॉपी-पेस्ट त्याच कळींनी होते. म्हणजे ‘म’ने उचलायचे आणि ‘न’ने ठेवायचे. काकपदाची खूण मात्र तेथे दिसत नाही, म्हणून ती सांगावी लागते.

लिंबागणेशच्या त्या मुलीला मी हे पत्राने कळवले. शिक्षकांना एवढेच सुचवले, की भिंतीवरचा तक्ता काढू नका, त्यात ‘का?’ असा एक रकाना वाढवा. काही घरे रिकामी राहतील. राहू द्यावीत. ती भरायला एखादे मूल पुढे येईल.