आपली पोरगी बंगळूरला कशी गेली?

13 फेब्रुवारी 2023. नगर-संभाजीनगर रस्त्यावरच्या आपल्या नेहमीच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. टीव्हीवर मुंबईहून महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव चालू होता. पहिलंच मोठं नाव सांगलीच्या स्मृती मानधनाचं. 50 लाखांपासून बोली सुरू झाली, मुंबई आणि बंगळूर अडून बसले, आणि 3 कोटी 40 लाखांना बंगळूरनं तिला घेतलं.

हॉटेलात एकदम गलका. "आपली पोरगी कानडी लोकांनी नेली!" "अंबानीकडं पैसे नव्हते का?" एक म्हातारे गृहस्थ मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडले होते. "पोरींचा लिलाव करत्यात व्हय रे?"

घोडेगावच्या माणसाला लिलाव शिकवायची गरज नाही. कांद्याचा बघतो, शुक्रवारी म्हशींचा बाजार बघतो. म्हणूनच तो शब्द माणसाला लावलेला त्यांच्या कानाला खटकला. मलाही खटकला होता, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन जुनी कात्रणं काढली तेव्हा वाटलं, आपण रागावतोय ते उशिरा रागावतोय.

कारण पोरी दुसऱ्या संघात जाण्याची गोष्ट 2023 ची नाही. महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1973 साली आपल्या पुण्यात झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. क्रिकेट बोर्डाचा या पोरींशी संबंध नव्हता. त्यांची संघटना वेगळी होती आणि ती 2006 मध्ये बोर्डात आली. तोवर खेळायचं तर पोट कशावर भरायचं? नोकरीवर. आणि नोकरी म्हणजे मुख्यतः रेल्वे. मुंबईच्या डायना एडलजी पश्चिम रेल्वेत होत्या, पुढच्या कितीतरी पोरींना रेल्वेत घ्यावं म्हणून त्या भांडल्या. मिताली राज रेल्वेकडून खेळली. बोरिवलीची पूनम राऊत रेल्वेकडून खेळली. पंजाबातल्या मोग्याची हरमनप्रीत रेल्वेच्या नोकरीसाठी मुंबईला आली. देशातल्या चांगल्या पोरी अशा एकेक करून रेल्वेच्या संघात जमा झाल्या आणि बाकी राज्यांना तो संघ वर्षानुवर्षं हरवत राहिला. याला कुणी ट्रेड म्हटलं नाही, की कुठल्या हॉटेलात गलका झाला नाही. 1982 च्या विश्वचषकाला न्यूझीलंडला जायचं तर खेळाडूंना दहा-दहा हजार रुपये उभे करायला सांगितलं होतं. त्या काळचे दहा हजार, बरं का.

आता जवळचं सांगतो. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे. महाराष्ट्रातून ती पाहुणी खेळाडू म्हणून थेट नागालँडला गेली. एप्रिल 2022 मध्ये अरुणाचलविरुद्ध 76 चेंडूंत नाबाद 162. टी-20 मध्ये दीडशेच्या वर जाणारी ती पहिली भारतीय, पुरुष धरून! सोलापूरची पोरगी नागालँडकडून का खेळते, असं आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मी पत्रकार, मी तरी कुठं विचारलं. त्या दिवशी मी कांद्याच्या भावाची बातमी पाठवली होती. पुढच्या वर्षी ती यूपीकडून लीगमध्ये उतरली. बॅटला प्रायोजक नव्हता, म्हणून बॅटवर स्वतःच धोनीचं नाव-नंबर लिहून आली आणि पहिल्याच सामन्यात 53 धावा काढल्या.

तर सांगायचं असं, की 2023 ला आपण चिडलो त्याचं मला आता वाईट वाटत नाही. त्या लिलावात 87 खेळाडू गेल्या, साडेएकोणसाठ कोटी खर्च झाले, आणि पहिल्यांदाच गावाकडची माणसं "आपली", "त्यांची" असं पोरींच्या संघांबद्दल बोलायला लागली. लोकांना फरक पडत होता म्हणून ते चिडले.

अर्थात चिडण्याला दुसरी बाजू आहेच. बंगळूर पहिल्याच मोसमात सलग पाच सामने हरलं, तेव्हा त्याच हॉटेलात तिच्या 3 कोटी 40 लाखांचा हिशोब धावेमागे काढत बसलेली मंडळी मी पाहिली. पुरुषांकडं तर विचारू नका. हार्दिक पंड्या ट्रेडमध्ये गुजरातहून मुंबईला परत आला, रोहितचं कप्तानपद त्याला दिलं, आणि एप्रिल 2024 मध्ये वानखेडेवर स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. महिला लीगमध्येही ट्रेड सुरू झालाय. त्याच वर्षी इंग्लंडची डॅनी वायट-हॉज यूपीकडून बंगळूरकडं गेली, 30 लाखांना. इथं कुणाला पत्ताही लागला नाही. लागेल हळूहळू.

17 मार्च 2024 ला दिल्लीत अंतिम सामना झाला. दिल्ली 113 वर गारद, बंगळूर आठ गडी राखून विजयी. बंगळूरच्या पुरुषांना तोवर एकदाही न मिळालेला करंडक स्मृतीच्या हातात. "कानडी लोकांनी नेली" म्हणणाऱ्या गड्यानं रात्री स्टेटस ठेवलं: सांगलीची वाघीण. बंगळूरचा उल्लेख शून्य!

परवा कांद्याची पट्टी हातात घेऊन एक शेतकरी भेटले. पोरगी नववीत, बॉलिंग टाकते म्हणाले. "ट्रायल कुठं असती ओ?" नगर, सांगली, सोलापूर सगळे एकाच महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतात, आणि तिचं मैदान पुण्याजवळ गहुंज्याला. म्हणालो, दीडशे किलोमीटरच्या वर पडंल, आणि एकदा जाऊन भागणार नाही.

"म्हैस घ्यायला लोक गुजरातेतनं इथं येत्यात," ते म्हणाले. "नंबर द्या त्यांचा."