सणाच्या दिवशी कोणाकडे जायचं? उपनगरातल्या सोबतीची शंभर वर्षं

गणपती, नवरात्र, दिवाळी, मग नाताळ आणि थर्टीफर्स्ट. वर्षाचे हे चार महिने आपल्याकडे माणसांनी भरलेले असतात असं आपण धरून चालतो. पण अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात हेच दिवस जड जाणारी माणसंही कमी नाहीत. मुलं परदेशी गेलेले आजी-आजोबा, पीजीमध्ये राहणारी आणि तिकीट न मिळाल्यामुळे गावी न गेलेली मुलं, वर्षभरात घरातलं माणूस गेलेली कुटुंबं, नुकतीच दारू सोडलेला कोणी. बाकीच्या दिवशी ऑफिस असतं, क्लास असतो, बाई येते, दूधवाला येतो. सुट्टीच्या दिवशी तेही बंद.

मग माणूस फोन उघडतो आणि ग्रुप शोधतो. बागकामाचा, जुन्या गाण्यांचा, विणकामाचा, डायबेटिसवाल्यांचा. यात नवीन फक्त फोन आहे. अनोळखी शहरात आपली माणसं शोधायचं काम आपलं उपनगर गेली शंभर वर्षं करत आलंय. ते कसं केलं, हे एकदा नीट बघायला हवं, कारण त्यातून आजही शिकण्यासारखं आहे.

पार्ले, १९२३

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या गिरगाव-मांडवीतून माणसं मोकळ्या जागेकडे सरकू लागली. पार्ले, अंधेरी, घाटकोपर तेव्हा मुंबई शहराच्या हद्दीतही नव्हते. इथे येणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी माणसाला हवा मिळाली, विहीर मिळाली, पण चाळ सुटली. चाळीत सण साजरा करायला वेगळं काही ठरवावं लागत नाही, दार उघडं असतं. बंगलीत आणि ब्लॉकमध्ये ते ठरवावं लागतं.

पार्लेकरांनी ते ठरवून केलं. टिळक १९२० मध्ये गेले, १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. ग्रंथालय, व्याख्यानं, गणेशोत्सव, पुढे ज्येष्ठांसाठीचे उपक्रम, सगळं एका छपराखाली. आपण त्याकडे 'सांस्कृतिक संस्था' म्हणून बघतो. पण नव्याने राहायला आलेल्या माणसाला तिचा खरा उपयोग साधा होता: संध्याकाळी पुस्तक बदलायला जायचं आणि चार माणसांशी बोलून यायचं. पुस्तक हे निमित्त. 'मला करमत नाही' असं कोणापुढे कबूल करावं लागत नाही, ही त्या निमित्ताची मोठी सोय.

आझादनगर, १९६६

आता अंधेरी पश्चिम. साठच्या दशकात इथे कारखाने होते: गोल्डन टोबॅको, टाटा स्पेशल स्टील, एक्सेल इंडस्ट्रीज. लालबाग-परळकडून आलेले कामगार कामाच्या जवळ म्हणून आझादनगरात राहायला आले. पण लालबागचा गणपती मागे राहिला. म्हणून १९६६ मध्ये त्यांनी इथेच गणपती बसवला. तोच आजचा 'अंधेरीचा राजा'.

या गणपतीचं विसर्जन अनंत चतुर्दशीला होत नाही, त्यानंतरच्या संकष्टीला होतं. त्यामागची गोष्ट जुने अंधेरीकर सांगतात. सत्तरच्या दशकात कारखान्यात टाळेबंदी झाली आणि कामगारांची चूल थंडावली. तेव्हा त्यांनी नवस केला की टाळेबंदी उठली तर विसर्जन संकष्टीला करू. टाळेबंदी उठली, आणि नवस आजतागायत पाळला जातो.

श्रद्धेचा भाग प्रत्येकाने आपापल्या जागी ठेवावा. मला यात दिसतं ते वेगळं. पगार बंद असलेली माणसं त्या दिवसांत घरात तोंड लपवून बसली नाहीत. एका मांडवात, एकाच संकटातली माणसं एकत्र बसली. आज ज्याला आपण 'सपोर्ट ग्रुप' म्हणतो, तो यापेक्षा फार वेगळा नसतो.

लोकलचा डबा

तिसरी जागा चाकांवरची. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली खिडकी. भजनी मंडळं, पत्त्यांचे अड्डे, भाज्या निवडत गप्पा मारणाऱ्या बायका. दसऱ्याच्या सुमाराला डब्याला तोरण बांधून पूजा होते, पेढे वाटले जातात, कोणाचा डोहाळेजेवणाचा बेतही धावत्या गाडीत उरकतो. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी लेडीज स्पेशल सुरू झाली आणि बायकांच्या अशा गटांना हक्काची अख्खी गाडी मिळाली.

या सोबतीला वर्गणी नाही, फॉर्म नाही. तुम्ही रोज त्याच गाडीला येता, एवढीच पात्रता. दोन दिवस दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं, 'काय हो, बरं नव्हतं का?' हे विचारणं फार मोलाचं आहे. पण रिटायर झालं की गाडी सुटते आणि गटही सुटतो. ज्येष्ठांचं एकटेपण बऱ्याच वेळा नेमकं इथून सुरू होतं.

लोखंडवाला, १९९५

ती पोकळी काही अंशी बागांनी भरली. १३ मार्च १९९५ रोजी लोखंडवालातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी हास्य क्लब सुरू केला. पहिल्या दिवशी जेमतेम पाच माणसं होती. बघता बघता ती पन्नासवर गेली. सुरुवातीला एकेकाने मधोमध उभं राहून विनोद सांगायचा अशी पद्धत होती. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरलेले काही जणांना खटकायला लागले. तेव्हा विनोदच काढून टाकला. हसण्याचे व्यायाम, टाळ्या, दीर्घ श्वास आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघणं, एवढंच ठेवलं. डॉक्टरांच्या पत्नी माधुरी योग शिकवायच्या, त्यामुळे प्राणायामाची जोड मिळाली. १९९८ च्या जानेवारीत मुंबईत पहिला जागतिक हास्य दिन झाला आणि अंधेरीची ही कल्पना पुढे जगभर पसरली.

विनोद काढून टाकला, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विनोदाला भाषा लागते, हजरजबाबीपणा लागतो, आणि कोणाची तरी टिंगल होते. तो गेल्यावर गुजराती काकू, तमिळ आजोबा आणि मराठी काका एकाच रांगेत उभे राहू शकले. ज्याला बोलता येत नाही त्यालाही जागा झाली.

मुलुंडच्या चक्रम हायकर्सचंही तसंच. ऐंशीच्या दशकापासून ही मंडळी सह्याद्रीत भटकतायत आणि हिवाळ्यात 'सह्यांकन' नावाची मोठी मोहीम काढतात. एकटे आलात तरी चालतं, कारण चढावर सगळ्यांना सारखाच दम लागतो.

मग पडदा आला

१९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतल्या मराठी माणसाने 'मायबोली' सुरू केली. मुहूर्त बघा. परदेशात गणपतीला सुट्टी नसते, शेजारी आरतीला येत नाहीत. म्हणून पाककृती, गझल, बागकाम, बाळंतपण असे गप्पांचे कट्टे पडद्यावर उभे राहिले. तिथला ऑनलाइन गणेशोत्सव आणि दिवाळी अंक हे मांडवाचेच नवे अवतार.

२०२० मध्ये ही वेळ आपल्या सगळ्यांवर आली. बागा बंद, मंडपांवर बंधनं, सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. हास्य क्लब मोबाइलवर भरू लागले. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभाही ऑनलाइन झाल्या. मुंबईत या सभा पन्नासच्या दशकापासून भरतायत. आडनाव विचारलं जात नाही, फी नाही. थर्टीफर्स्टच्या रात्री ज्याला पार्टीत जाणं धोक्याचं असतं, त्याच्यासाठी अशी सभा म्हणजे जीव वाचवणारी जागा असते.

मग चांगला ग्रुप ओळखायचा कसा?

या सगळ्या जागांमध्ये चार गोष्टी समान दिसतात. वेळ ठरलेली असते. हाताला काहीतरी काम असतं, मग ते पुस्तक बदलणं असो, टाळ्या वाजवणं असो की भाजी निवडणं. आत येताना जात, पगार, 'एकटेच का?' असलं काही विचारलं जात नाही. आणि न आलेल्याची आठवण काढली जाते.

ऑनलाइन ग्रुपलाही हीच फूटपट्टी लावा. नवीन माणूस आला की कोणी 'या' म्हणतं का? त्याने साधा प्रश्न विचारला तर हसतात की उत्तर देतात? सणाच्या दिवशी नुसते फॉरवर्ड पडतात की कोणी कोणाची चौकशी करतं? जिथे पहिल्याच आठवड्यात पैसे मागतात किंवा डॉक्टरची गोळी बंद करायला सांगतात, तिथून सरळ बाहेर पडा.

आता थोडं आपल्याबद्दल. वरच्या बहुतेक जागा फुकट किंवा जवळपास फुकट होत्या आणि सगळ्यांना खुल्या होत्या. आज जुन्या सोसायट्या पाडून टॉवर होतायत. अंगण जाऊन पोडियम येतं, आणि पोडियमवर फक्त रहिवासी. मंडळाच्या मांडवात स्टेज आणि स्पीकर मोठे झाले, बसायच्या खुर्च्या कमी झाल्या. आणि ज्या दिवशी एकट्या माणसाला जागेची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच दिवशी बहुतेक वाचनालयांना कुलूप असतं.

हे बदलणं अवघड नाही. निवडणुकीला मतं मागायला येतील तेव्हा विचारा: वॉर्डातलं वाचनालय, अभ्यासिका, समाजमंदिर दिवाळीच्या दिवशी चार तास उघडं ठेवाल का? मंडळांनी एक दुपार स्पीकर बंद ठेवून कॅरम आणि चहा ठेवावा. सोसायटीच्या ग्रुपवर 'हॅप्पी दिवाली' टाकण्याआधी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजवावी. फराळाची एक डिश पुरते.

आणि कोणाला फारच अंधारून आलं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तुमच्या भागात सणाच्या दिवशीही चालू राहणारा कट्टा, क्लब, भजनी मंडळ किंवा ग्रुप असेल तर खाली लिहा. जागा, वार, वेळ एवढंच पुरे, कोणाचा खासगी नंबर टाकू नका. दसऱ्याच्या आत सगळ्यांची मिळून एक यादी करू. अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड. कोणाच्या तरी दिवाळीला ती उपयोगी पडेल.