ठराव, बिल आणि मोर्चा



गेल्या चौदा एप्रिलला राईत आमच्या पोरांची बैठक झाली. नववीतल्या एका पोरीनं उठून विचारलं, "महाडचं तळं १९२७, घटना १९५०. मग मधली वर्षं बाबासाहेब काय करत होते?" कुणी म्हणालं गोलमेज परिषद, कुणी काळाराम मंदिर, कुणी पुणे करार. मीही तेवढंच बोललो. पोरगी म्हणाली, "ते तर पुस्तकात आहे. रोज काय करत होते?"

मला उत्तर आलं नाही. त्या रात्री पाळीवर साचा चालवताना तेच डोक्यात. माझं शिक्षण दहावी नापास. पण लाज वाटली म्हणून वाचायला बसलो. राज्य सरकारनं १९८२ साली छापलेला, वसंत मून यांनी संपादलेला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा दुसरा खंड मिळवला. इंग्रजी आहे. मांडीवर शब्दकोश घेऊन चार महिने लागले. त्यात मुंबई कायदेमंडळातली भाषणं आहेत. बाबासाहेब तिथं बिलं मांडत होते, कलमं तपासत होते, सरकारला आकडे विचारत होते. आपण जयंतीला यातलं एक अक्षर बोलत नाही. म्हणून हा लेख.

आधी कायदेमंडळ म्हणजे काय ते बघू. १९१९च्या कायद्यानं इंग्रजांनी प्रांताला थोडा कारभार दिला. शिक्षण, नगरपालिका अशी खाती लोकांतून आलेल्या मंत्र्यांकडे. त्यांना सोपीव खाती म्हणत. जमीनमहसूल, पोलीस ही राखीव खाती गव्हर्नरच्या हातात. म्हणजे ज्या खात्यांत सत्ता आणि पैसा, ती साहेबानं स्वतःच्या कनवटीला लावली. मताचा हक्क मालमत्तेवर. आपल्या माणसाकडे मालमत्ता कुठली? म्हणून आपले लोक सरकारनं नेमायचे. १९२७ साली असे नेमलेले दोघे तिथं बसले, डॉ. आंबेडकर आणि डॉ. पी. जी. सोळंकी. दोन माणसं आणि समोर सगळे जमीनदार, वकील, सावकार, साहेब. मतं मोजून जिंकायची लढाई ती नव्हतीच.

त्याच्या आधीची एक गोष्ट. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी काऊन्सिलात ठराव आणला की सरकारी पैशानं बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. ठराव पास झाला. सरकारनं परिपत्रक काढलं. ५ जानेवारी १९२४ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला. पाणी? एकाही अस्पृश्याला तिथं पाणी मिळालं नाही. १९२६ साली बोले यांनी पुन्हा ठराव आणला की जी पालिका हे पाळणार नाही तिचं अनुदान रोखा. तरी हलेना. मग २० मार्च १९२७ला आपल्याच माणसांना तळ्यावर जावं लागलं आणि डोकी फोडून घ्यावी लागली. पुढं खटला मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि निकाल आपल्या बाजूनं लागला तो १९३७ साली. ठराव आणि निकाल यात चौदा वर्षं गेली.

इथं एक फरक नीट समजून घ्या. ठराव म्हणजे शिफारस, 'करावं' असं म्हणणं. नाही केलं तर कुणाला काही होत नाही. कायद्यात 'केलंच पाहिजे' असतं आणि न केलं तर काय, हेही असतं. बाबासाहेबांनी महाडला हे डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी काऊन्सिलात ठरावावर भागवलं नाही, बिल आणलं.

१९ मार्च १९२८. १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल त्यांनी मांडलं. विषय महारवतन.

माझ्या आईचं माहेर नगर जिल्ह्यातलं. आईचा आजा गावचा येसकर. आजी सांगायची, त्याच्या पायाला कधी दुपार माहीत नव्हती. सरकारी टपाल पोचव, साहेबाचं सामान उचल, मयताचा सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला पळ, मेलेलं जनावर ओढ, रात्री चावडीवर काठी घेऊन उभा राहा. एकदा तो तापानं पडला तर त्याच्या दहा वर्षांच्या पोराला, म्हणजे माझ्या आजीच्या भावाला, उचलून नेलं. मोबदला काय? भावकीत वाटून वाटून ओटीएवढा उरलेला जमिनीचा तुकडा, सुगीला खळ्यावर मागायचं बलुतं आणि संध्याकाळी दारोदारची शिळी भाकर. म्हणायला 'वतनदार'!

बिलात काय होतं ते मी माझ्या भाषेत सांगतो. एक, ज्या वतनदारांना गावकीतून सुटायचं आहे त्यांना सुटता यावं आणि जमीन पूर्ण सारा भरून त्यांच्याच नावावर राहावी. दोन, खळ्यावर हात पसरायचं बंद. बलुत्याच्या जागी पैसा ठरवावा आणि तो सरकारनं साऱ्याबरोबर वसूल करून द्यावा. तीन, जे चाकरी करतील त्यांची कामं कोणती ते लिहून ठरवावं. दिवसरात्र, कुणीही हाक मारेल ते काम, हे चालणार नाही. घरातल्या बाकी माणसांना जुंपणं चालणार नाही.

बघा, यात कुठंही 'दया करा' नाही. सगळा हिशेब आहे. बलुतं पैशात आलं की पाटलापुढं वाकायचं कारण संपतं. भाकरीचा लगाम सुटला की माणूस मान वर करतो, हे त्यांनी कलमात बसवलं होतं.

३ ऑगस्ट १९२८ला बिलाचं पहिलं वाचन झालं. महसूल खात्याला ते नको होतं. इतका स्वस्त नोकर कोण सोडतो? बाबासाहेबांनी सभागृहात उघड बजावलं की बिल पास झालं नाही तर महारांचा सार्वत्रिक संप घडवण्यात मी माझा उरलेला वेळ घालवीन. हे त्यांनी मैदानात नाही, काऊन्सिलात उभं राहून सांगितलं. बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलं. वर्षभर रखडलं. जुलै १९२९मध्ये बाबासाहेबांनी ते मागं घेतलं. दहा वर्षांनी, डिसेंबर १९३९मध्ये, वतनावरच्या वाढीव जुडीविरुद्ध हरेगावला परिषद भरली. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली आणि लागू झाला १ ऑगस्ट १९५९ला. बिल मांडल्यापासून ३१ वर्षं. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते. आईचा आजाही नव्हता.

आता दुसरी कमिटी. सोळंकींच्या ठरावातून १९२८ साली सरकारनं स्टार्ट साहेबाच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. बाबासाहेब आणि सोळंकी दोघेही तिच्यावर होते. १९३०चा तिचा अहवाल मिळाला तर जरूर वाचा. त्यात बहिष्काराचं वर्णन आहे. अस्पृश्य कुळ म्हणून जमीन कसतो, मजूर म्हणून राबतो, गावचाकर म्हणून बलुत्यावर जगतो. त्यानं हक्क मागितला की जमीन जाते, मजुरी जाते, बलुतं बंद, वाट बंद, वाण्याचं दुकानही बंद. आणि कारण काय तर विहिरीवर गेला, चांगलं कापड घातलं, नवरदेव घोड्यावर बसवला. हे सरकारी कागदात आलं. आपला बाप सांगत होता तेव्हा ते रडगाणं होतं, समितीनं लिहिलं तेव्हा पुरावा झाला. कमिटीत आपला माणूस बसला तर काय होतं ते हे.

बाबासाहेब तिथं फक्त जातीवर बोलले असं समजू नका. २८ जुलै १९२८ला गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. कायदा १९२९ला झाला. साचेखात्यात, कांडीखात्यात ज्यांच्या आज्या-पणज्या राबल्या त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. ६ ऑक्टोबर १९३२ला ग्रामपंचायतीच्या बिलावर ते बोलले. जातीनं बरबटलेल्या गावातल्या पंचांच्या हातात न्यायदान देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. गावाचं गोड चित्र काढणाऱ्यांना ते झोंबलं.

१९३५च्या कायद्यानं प्रांताला जास्त अधिकार आले. १९३७च्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. आता ते नेमलेले नव्हते. १७ सप्टेंबर १९३७ला त्यांनी खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. माझ्या बापाचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, त्यामुळं खोत म्हणजे काय ते मला घरातच कळलेलं. सरकार आणि कुळ यांच्यामध्ये बसलेला, सारा वसुलीच्या नावानं पीकही घेणारा आणि वेठही घेणारा. ही पद्धत रत्नागिरीत, कुलाब्यात आणि आपल्या ठाणे जिल्ह्याच्या काही भागात होती. बिल सांगत होतं, खोती बंद करा, खोताला वाजवी नुकसानभरपाई द्या आणि जो प्रत्यक्ष कसतो त्याला जमिनीचा कब्जेदार करा. यात महार कुळ होतं तसं कुणबी, आगरी कुळही होतं. चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांचा संप १९३३पासून चालूच होता.

खेर मंत्रिमंडळानं बिल पुढं जाऊ दिलं नाही. मग जानेवारी १९३८मध्ये कोकणातून हजारो शेतकरी मुंबईला आले आणि बाबासाहेबांच्या मागं काऊन्सिल हॉलवर चालून गेले. रीगल थेटराजवळची ती जुनी इमारत अजून आहे. आता तिथं राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. मी तिथं बघायला गेलो तर शिपायानं विचारलं, काय काम? मी म्हटलं, काही नाही, आमचे लोक इथं येऊन गेलेत.

त्याच १९३८ साली सप्टेंबरमध्ये संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलहाचं बिल सरकारनं आणलं. बाबासाहेब सभागृहात कलमवार त्याच्याविरुद्ध बोलले. बिल थांबलं नाही, तर ७ नोव्हेंबरला गिरण्या बंद ठेवल्या. आत भाषण, बाहेर संप. खोतीरद्दचा कायदा शेवटी १९४९ साली आला. आमची राई ज्या साष्टी बेटावर आहे, तिथल्या इस्टेटींची साऱ्याची सूट काढणारा वेगळा कायदा १९५१ साली झाला.

तर हिशेब असा की मांडलेली मोठी बिलं बाबासाहेबांच्या हातून पास झाली नाहीत. मग हे सगळं वाया गेलं का? आपल्यातले काही दोस्त म्हणतात, विधानसभा प्रस्थापितांची, आपली जागा रस्ता. मीही तसंच म्हणायचो. आता म्हणत नाही. १९३८चे शेतकरी काऊन्सिल हॉलवर रिकाम्या हातानं गेले नव्हते. आत त्यांचं बिल पडलेलं होतं. म्हणून मागणी काय, ती अडवली कुणी, हे प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. बिल नसतं तर नुसती गर्दी झाली असती. आणि मोर्चा नसता तर बिल फाइलीत मेलं असतं.

आमच्या वस्तीतून आम्ही पाण्यासाठी एका कचेरीत तीन निवेदनं दिली. तिन्हीवर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असा शेरा. आता मला कळतं, आम्ही १९२३चा बोले ठराव पुन्हा लिहीत होतो. कुठल्या नियमाखाली, किती दिवसांत, नाही केलं तर कोण जबाबदार, यातलं काहीच आम्ही लिहिलं नव्हतं. चौथं निवेदन नियम वाचून लिहितो आहे.

आणखी एक. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. १२ हजारांवर सूचना आल्या. जुलै २०२५मध्ये दोन्ही सभागृहांनी ते पास केलं. ज्या विधेयकावर आपल्या चळवळीची भीती उभी राहिली, त्याचा मसुदा आपल्यातल्या किती जणांनी वाचला? मी वाचला नव्हता. घोषणा मात्र दिल्या. बाबासाहेब एकेका कलमासाठी रात्र जागत होते आणि आपण मसुदाही उघडत नाही.

म्हणून राईत आम्ही ठरवलं आहे. दर रविवारी संध्याकाळी एक कायदा किंवा एक बिल घेऊन बसायचं, मोठ्यानं वाचायचं, अडेल तिथं विचारायचं. पहिल्या रविवारी १९२८चं वतनाचं बिल घेतलं. वाचून दाखवलं त्याच नववीतल्या पोरीनं. 'बलुतं' शब्दाला ती अडली. माझ्या आईनं मागून सांगितलं, "भाकर गं, मागून आणलेली."