न्हाणीघरातील जळण : रायगड किनारपट्टीवरील घरगुती गरम पाण्याच्या खर्चाचा इतिहास

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्या इतिहासाकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष वेळोवेळी गेले आहे. परंतु रोजच्या स्नानासाठी लागणाऱ्या ऊन पाण्याचा इतिहास मात्र कोणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. वास्तविक पाहता पाणी तापविणे हे घरातील मोठ्या खर्चाचे काम आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. पाच माणसांच्या कुटुंबासाठी शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाचे झाल्यास १५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे पावणेदोन युनिट वीज खर्च होते. साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो, हे लक्षात घेता याच कामासाठी दररोज चारेक किलो वाळलेली लाकडे जाळावी लागतात. वर्षाकाठी हा आकडा दीड टनाच्या जवळपास पोहोचतो.

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या) किनाऱ्यावरील बहुतेक जुन्या घरांत या दीड टनासाठी रोख पैसा मोजला जात नसे. तो का मोजावा लागत नसे आणि ती किंमत प्रत्यक्षात कोणी चुकविली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आगरातील जळण :

अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या अष्टागराच्या पट्ट्यात आणि दक्षिणेस मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत घर आणि वाडी ही दोन वेगळी गणली जात नाहीत. घराच्या मागील दाराशी विहीर, विहिरीला लागून न्हाणी आणि तेथूनच नारळी-पोफळीची वाडी सुरू होते. वाडीत वर्षभर गळणारा पाचोळा हेच न्हाणीच्या चुलीचे जळण. झावळ्या, पोयी, करवंट्या, पोफळीच्या विऱ्या आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे नारळाची सोडणे. झावळी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, त्यामुळे ती पेटवणासाठी. सोडण धुमसत राहते, धूर फार करते, पण तिचा निखारा दीर्घकाळ टिकतो. स्वयंपाकघरात हा धूर असह्य होतो, न्हाणीच्या उघड्या चुलाणाखाली तो चालतो. चांगले फाटे स्वयंपाकासाठी आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी राखून ठेवावयाचे आणि ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही ते न्हाणीत जाळावयाचे, अशी ही विभागणी होती. उरलेली राख भांडी घासण्यास आणि माडाच्या आळ्यात जाई.

उष्णता वाया जाऊ नये यासाठीची योजनाही या घरांत आढळते. स्वयंपाकाच्या चुलीला जोडलेल्या वैलावर मुख्य चुलीतून निसटणारी झळ मिळते, तेथे पाण्याचे भांडे कायम असे. न्हाणीतील हंडा चुलाणावर मातीने गळ्यापर्यंत लिंपून पक्का बसविला की बाजूंनी उष्णता निसटत नसे आणि जड हंडा उचलण्याचेही कष्ट वाचत. याच्याही पुढची पायरी म्हणजे तांब्याचा बंब. त्याच्या पोटातून जाणाऱ्या नळीत विस्तव असतो आणि पाणी त्या नळीला चोहोबाजूंनी वेढून असते. आग पाण्याच्या बाहेर न राहता पाण्याच्या आत आणल्यामुळे तेवढ्याच जळणात अधिक पाणी तापते. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला असे मानले जाते. रेवदंड्याचा किल्ला १७४० पर्यंत पोर्तुगिजांकडे होता हे ध्यानी घेता शब्दाचा हा प्रवास या किनाऱ्याला अपरिचित वाटू नये. वस्तू मात्र घरोघर आली ती फार नंतर. तांब्याचा बंब स्वस्त कधीच नव्हता. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी चिंच लावून घासलेला बंब हा अभ्यंगस्नानाच्या तयारीइतकाच घरच्या ऐपतीचाही विषय असे.

ही व्यवस्था काटकसरीची होती, यात शंका नाही. परंतु तिला ‘फुकट’ म्हणताना आपण एक गोष्ट नजरेआड करतो. झावळ्या ओढून आणणे, सोडणे सुकविणे, पावसापूर्वी ती माळ्यावर रचणे, पहाटे उठून चुलाण पेटविणे आणि घरातील शेवटचे माणूस न्हाऊन होईपर्यंत धुरात बसून ते पेटते ठेवणे, ही सारी कामे घरातील स्त्रिया, मुले आणि गडीमाणसे करीत. कुटुंबाच्या हिशेबवहीत त्यासाठी रकाना नव्हता. आणि स्नानाच्या क्रमात कढत पाणी कोणाच्या वाट्यास येई व तळाचे कोमट पाणी कोणास पुरवून घ्यावे लागे, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

ज्यांना वाडी नव्हती :

किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत वाडी नसते. तेथील चुलीला डोंगरातून उतरणाऱ्या मोळीची वाट पाहावी लागे. मोळी आणणारी बहुधा कातकरी वा ठाकूर स्त्री असे. म्हणजेच वाडीवाल्याचे पाणी पाचोळ्यावर तापे, कोळीवाड्यातील पाणी मोळीवर, आणि मोळीच्या भावाच्या मुळाशी जंगलावरील हक्काचा प्रश्न होता.

१८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित जंगलांची व्यवस्था आली आणि डोंगरातील लाकूडफाट्यावरील रयतेचा वहिवाटीचा हक्क ही सरकारी सवलत बनली. भातशेतीच्या राबासाठी फांद्या तोडणे, गुरे चारणे, जळण गोळा करणे, सर्वांवर पहारा बसला. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्यामुळे शेतकऱ्याची झालेली कोंडी मांडली आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की त्याच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाचा प्रश्न त्यात केंद्रस्थानी राहिला हे स्वाभाविक होते, कारण राब पिकाशी आणि पर्यायाने शेतसाऱ्याशी निगडित होता. न्हाणीच्या जळणावर सारा नव्हता, म्हणून त्याची बाजू मांडणारेही फार नव्हते.

२५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर झालेला जंगल सत्याग्रह सर्वपरिचित आहे. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. या घटनेकडे आपण राष्ट्रीय आंदोलनाचा एक अध्याय म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु आगरी-कातकरी गावांतील माणसे एवढ्या संख्येने डोंगर का चढली, याचे उत्तर केवळ मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या वातावरणात शोधून भागणार नाही. चुलीत काय घालावयाचे हा त्यांचा रोजचा प्रश्न होता.

जिल्ह्यातून बाहेर गेलेली उष्णता :

कुलाब्याच्या डोंगरात लाकूड नव्हते असे नाही, ते मुंबईस जात होते. कुलाबा जिल्हा आणि जंजिरा संस्थान यांच्या खाड्यांतून गलबते व मचवे जळाऊ लाकूड भरून मुंबईच्या बंदरांकडे निघत. दारूखाना परिसरातील ‘लकडी बंदर’ हे नाव मुंबईच्या या लाकूड-व्यापाराची खूण आहे. कोळशाचीही गोष्ट तीच. कोळशाच्या भट्ट्या लावण्याचे काम कातकऱ्यांकडे, जळालेला कोळसा मात्र शहराकडे.

हाच प्रकार पुढे विजेच्या बाबतीत घडला. टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथे उभी राहिली. तिन्ही ठिकाणे आजच्या रायगड जिल्ह्यात येतात. ही वीज मुंबईच्या गिरण्या, रेल्वे आणि ट्राम चालवू लागली. किनाऱ्यावरील खेड्यांत वीज सर्वदूर पोहोचली ती १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाल्यानंतरच्या काळात. आधी दिवा आला, मग पंखा. पाणी तापविण्याची सळई त्याच्याही नंतर. त्यानंतर १९७४ मध्ये मुंबई हायचा शोध लागला आणि समुद्राखालून येणारा वायू उरणला किनाऱ्यावर उतरू लागला. थळच्या खत कारखान्याचा कच्चा माल तोच. कारखान्याच्या आसपासच्या वाड्यांतील चुलाणे मात्र त्यानंतरही सोडणांवरच पेटत राहिली. लाकूड, वीज आणि वायू असे तीन प्रकारचे इंधन तीन वेगवेगळ्या काळांत याच जिल्ह्यातून गेले, आणि येथील न्हाणीघर तिन्ही वेळा पाचोळ्यावर चालले. पाचोळ्यावरील या स्नानाला कोकणी माणसाची उपजत काटकसर म्हणून गौरविण्याची आपली सवय प्रस्तुत लेखकास म्हणूनच अपुरी वाटते.

सूर्य आणि सावली :

१९८३-८४ पासून राबविल्या गेलेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाचा भर स्वयंपाकघरावर होता, न्हाणी त्यात गौणच राहिली. पुढे २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी दूरवर नेली. तथापि सिलिंडर भरून घेण्याचा खर्च सोसेनासा झाला की गॅसवर फक्त चहा आणि पाणी पुन्हा चुलाणावर, हा क्रम गावोगाव पाहावयास मिळतो.

सौर बंबाचा प्रचार महाऊर्जा या राज्यसंस्थेच्या स्थापनेपासून (१९८५) होत आला आहे. दोन चौरस मीटरचा संकलक दिवसाला सुमारे शंभर लिटर पाणी तापवितो, म्हणजे आरंभी मांडलेल्या कुटुंबाची गरज भागते. पठारावरील शहरांत हे गणित जुळते. किनाऱ्यावर खारा वारा पत्रा व सांधे खातो, काही विहिरींच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतो आणि ज्या आषाढ-श्रावणात ऊन पाण्याची खरी गरज, त्याच काळात आभाळ भरलेले असते. याखेरीज एक अडचण शहरी तंत्रज्ञाच्या ध्यानी सहसा येत नाही. आगरातील घर वाडीच्या पोटात असते. कौलांवर माडांची सावली असते आणि संकलकाला ऊन मिळत नाही. जे झाड चुलाणाला जळण देते, तेच छपराचे ऊन अडविते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर आडव्या झाल्या. काही काळ जळण मुबलक झाले, इतके की ते उचलून नेण्यासाठीच मजुरी द्यावी लागली. मग ते संपले. पिढ्यान्‌पिढ्या सावलीत असलेली कौले उन्हात आली आणि ज्या घरांत पूर्वी कधी जळण विकत घ्यावे लागले नव्हते, तेथे गरम पाणी प्रथमच विजेच्या बिलात दिसू लागले. ज्यांच्या हाती पैसा होता आणि पर्यटकांसाठी खोल्या होत्या त्यांना सौर बंबाचा मार्ग मोकळा झाला. मोळी विकणाऱ्या कातकरी स्त्रीला या बदलाने नवे गिऱ्हाईक मिळाले; परंतु तिच्या डोंगराचा एक भाग, जंजिऱ्याच्या नवाबाचे जुने शिकारीचे रान, १९८६ पासून फणसाड अभयारण्यात आहे. वाडीवाल्यांनी रोपे पुन्हा लावली आहेत. माडाला फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात, आणि छपरावर पूर्वीसारखी सावली यावयास त्याहून बरीच अधिक.