माळेगावच्या यात्रेतला लाकडी घोडा मूळचा लष्करातला आहे

मार्गशीर्ष संपत आला की नायगाव, कंधार, मुखेडकडं एक प्रश्न ठरलेला असतो, "माळेगावला कधी जायचं?"

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. डिसेंबर-जानेवारीत इथं खंडोबाची यात्रा भरते. देवस्वारी, कुस्त्या, लावणी, लाल कंधारी आणि देवणी जनावरं हे सगळं असतंच. पण माळेगाव खरं गाजतं ते घोड्यांच्या बाजारासाठी. देवच घोड्यावर बसणारा म्हटल्यावर दुसरं काय होणार!

या बाजाराशेजारी पाळण्यांची गल्ली लागते. तिथं आकाशपाळणा असतो, ब्रेक डान्स असतो आणि लहान पोरांसाठी गोल फिरणारे घोडे असतात. शहरात त्याला मेरी गो राउंड म्हणतात, इंग्रजीत कॅरोसेल. या शब्दाचं मूळ इटालियन-स्पॅनिश आहे आणि अर्थ आहे 'छोटी लढाई'. आता पोरांच्या खेळण्याचा आणि लढाईचा काय संबंध?

तर युरोपातले सरदार घोड्यावर बसून युद्धाचे खेळ खेळायचे. पळत्या घोड्यावरून टांगलेल्या कडीत भाला घालायचा, हा त्यातलाच एक. 1662 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं पॅरिसमध्ये असा भव्य सोहळा केला. ती जागा आजही 'प्लास द्यु कॅरोसेल' म्हणून ओळखली जाते. सरावात खरा घोडा दमू नये म्हणून खांबाभोवती फिरणारे लाकडी घोडे आले. पुढं सरदार गेले आणि त्या घोड्यांवर पोरं बसली.

पण सगळं श्रेय युरोपातल्या राजांना द्यायचं कारण नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं 1620 मध्ये तुर्की अंमलाखालच्या, आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिवमध्ये पोरांना बसवून फिरवायचं आडवं चाक पाहिलं होतं. हाच मंडी पुढं भारतात आला आणि सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला.

सुरुवातीला हे चाक माणसं किंवा जनावरं फिरवायची, त्यामुळं घोडे हलके आणि मोजकेच असायचे. 1861 मध्ये थॉमस ब्रॅडशॉनं इंग्लंडात वाफेवर चालणारं चक्र आणलं. मग फ्रेडरिक सॅव्हेजच्या कारखान्यानं ते मोठं केलं. घोडे वर-खाली होऊ लागले ते क्रँकमुळं. डोक्यावरचा वाकडा दांडा फिरतो आणि त्याला टांगलेला घोडा वर-खाली जातो.

एक गंमत बघा. ब्रिटनमधली चक्रं घड्याळाच्या दिशेनं फिरतात, कारण घोड्यावर डावीकडून चढायची रीत आहे आणि त्या दिशेनं फिरलं की डावी बाजू बाहेर येते. अमेरिकेत उलटं फिरतात. तिथं उजव्या हातानं कडी पकडायचा खेळ होता, म्हणून उजवी बाजू बाहेर. भाल्याची कडी शेवटपर्यंत सुटली नाही.

आणि हो, बाहेरच्या घोड्यासाठी पोरं भांडतात ते बरोबरच आहे. खांबापासून 2 मीटरवरचा घोडा एका फेरीत साडेबारा मीटर जातो, 4 मीटरवरचा पंचवीस. वेळ तेवढाच, वेग दुप्पट.

अमेरिकेत ओक ब्लफ्सचं 1876 चं 'फ्लाइंग हॉर्सेस' आजही चालतं. 1987 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आपल्या यात्रेतलं चक्र मात्र एका जागी राहतच नाही. यात्रा उठली की खांब, हात, घोडे सुटे करून ट्रकमध्ये. माळेगावनंतर महाशिवरात्रीला लातूरची सिद्धेश्वर यात्रा, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरी. पाळणेवाल्यांचं वर्ष असं तिथीवर चालतं.

म्हणूनच 2020 मध्ये कोरोनानं यात्रा थांबल्या, तेव्हा या लोकांचं फक्त एका हंगामाचं नुकसान झालं नाही. त्यांचं दुकान म्हणजेच यात्रा. गर्दी नाही तर घोडा उभा, आणि उभ्या घोड्याचं तिकीट कोण काढणार? त्यात हातानं ढकलायचं छोटं चक्र आधीच मागं पडत चाललेलं. मोटारीवरच्या चक्राला गिऱ्हाईक जास्त, लाकडापेक्षा फायबरचा घोडा हलका, आणि पावसात तो कुजतही नाही.

पोराला बसवणार असाल तर आधी घोड्याची दांडी हलवून बघा, धरायला कडी आहे का ते पाहा आणि चक्र पूर्ण थांबल्याशिवाय उतरू देऊ नका. खालची जमीन मातीची असते, एका बाजूला खचलेली दिसली तर सरळ पुढच्या पाळण्याकडं जा. तिकीट काढायच्या आधी हे बघितलं तर पाळणेवालाही काही म्हणत नाही.